उत्तर आलं नाही तर

१२ जानेवारी

भुंग्या,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. ते वाचून तू फिस्सकन हसला असतास. माझे मेसेज तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि आत्याला मात्र रीतसर कळवतोस की 'बाबांना विचारा, मी येऊ का. त्यांनी स्वतः हो म्हटलं तरच येईन.' बाबा आता एका यंत्रावरून उत्तर देतात, आणि आत्या त्या यंत्राला हात लावत नाही, त्यामुळे विचारायचं काम माझ्याकडे आलं. कागदावर अशासाठी लिहिते आहे की पाकीट आलं की तू फोडतोसच. लहानपणी दुसऱ्यांचीही फोडायचास.

बाबांचं आधी सांगते. झटक्यानंतर बोलणं गेलं ते गेलंच. मान एका बाजूला धरली आहे, हलत नाही. उजवा हात मांडीवर पडून असतो. डावा बऱ्यापैकी चालतो, पण त्यात पेन दिलं की नुसत्या रेघोट्या. कळतं मात्र सगळं. परवा मी आत्याला शेजारणीबद्दल काहीतरी तिखटमीठ लावून सांगत होते, तर डोळ्यांनी हसत होते.

म्हणून त्यांच्यासाठी एक छोटं ॲप केलं. आपल्याच फ्रेमवर्कवर. 'आपल्या' असं लिहून गेले, राहू दे तसंच. त्यांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर टच स्क्रीनचा कॉम्प्युटर ठेवला आहे. त्यावर दोन मोठी बटणं, 'हो' आणि 'नको'. आपण तोंडाने विचारायचं, त्यांनी बटण दाबायचं, मग यंत्र मोठ्याने उत्तर देतं. आवाज मी माझाच भरला आहे. बाजारात मिळणारे आवाज ऐकले तर बाबा आपल्याला बँकेतून फोन करताहेत असं वाटायला लागलं.

एका दुपारी काम झालं. स्क्रीनवरची खिडकी कोडच्या एका ओळीत उघडली, बटणं पुढच्या दोन ओळींत. रंग कुठला, आकार केवढा, दोनदा दाबलं तर काय, दाबलंच नाही तर काय, हे मला काही सांगावं लागलं नाही. फ्रेमवर्कने आपलं आपण ठरवलं. तुझ्याशी मी एवढी वर्षं हेच भांडत होते ना? माणसाला काम करू द्यावं, त्याच्या पुढ्यात प्रश्नपत्रिका ठेवू नये. भांडून तू वेगळी काढलीस त्या आवृत्तीत साधी खिडकी उघडायची तर आधी मुलाखत द्यावी लागते.

बाबांचे व्यायाम घ्यायला फिजिओथेरपिस्ट येतो. ते ॲप बघून तो म्हणाला, "ताई, तुम्ही नक्की करता काय?"

मी म्हटलं, "लोकांना कॉम्प्युटरवर ॲप करायचं असतं. दुकानाच्या बिलांचं, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं. प्रत्येकाने खिडक्या आणि बटणं मुळापासून घडवत बसू नये, म्हणून आम्ही तयार सांगाडा देतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी," म्हटलं.

तर तुझा प्रश्न. काल सकाळी मी बाबांना विचारलं, "भुंग्या यायचं म्हणतोय. बोलावू का त्याला?" त्यांचा हात बटणांकडे गेला. जरा वेळ गेला आणि यंत्र म्हणालं, "नको." बाबांनी डोळे मिटून घेतले आणि दुपारपर्यंत बटणांना हात लावला नाही.

मला वाईट वाटलं. तुझं जाणं त्यांच्या मनातून अजून गेलेलं नसावं. तू गेलास तेव्हा तुला विमानतळावर सोडून आले आणि तसेच गाडीत बसून राहिले होते, कितीतरी वेळ. आत्या बोलवायला गेली तर म्हणाले, "गाडी तपासतोय."

तब्येतीला जप.

ताई

२ फेब्रुवारी

भुंग्या,

आत्याला आलेला तुझा मेसेज तिने मला वाचून दाखवला. 'ताईने कसं विचारलं कोण जाणे. तुमच्यासमोर परत विचारायला सांगा.' वा! म्हणजे आता माझ्या प्रश्नावरही शंका. भुंगा हे नाव तुला कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण फार विचार करून ठेवलं.

विचारलं. आत्या समोर बसली होती. माझे शब्द तुला तसेच्या तसे देते, "बाबा, भुंग्याला तुम्हाला भेटायचंय. बोलावू?" ते लगेच पुढे झाले, हात लावला, आणि यंत्र म्हणालं, "नको." त्याबरोबर त्यांनी टेबलावर अशी काही थाप मारली की सुपाचं वाडगं उलटून कीबोर्डवर. आत्या घाबरली. "नको बाई परत विचारूस," म्हणाली, "त्याचं नाव काढलं की किती तापतात बघ."

यावर तू म्हणशील, ताईला आनंदच झाला असेल. झाला नाही. मी कीबोर्ड पुसत होते.

बाकी सगळ्याला ते यंत्र छान वापरतात. पाणी हवं? हो. दिवा घालवू? नको. पाठीला उशी देऊ? हो. सगळं चटाचट. आत्या सुरुवातीला यंत्राला नाकं मुरडायची, आता तीही स्वयंपाकघरातूनच विचारते आणि तिथूनच उत्तर ऐकते. समोर यायचीसुद्धा गरज उरली नाही.

हो, एक व्यवहाराची गोष्ट. शिकवणीची गाडी ठेवायची का, असंही विचारलं. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल बंद होऊन किती दिवस झाले, ती नुसती दारात धूळ खाते आहे. तर 'नको' आलं. मला आश्चर्य वाटलं, पण माणूस आजारपणात बदलतो. एक गिऱ्हाईक बघते आहे.

आता भांडणाचं. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. गेल्या आठवड्यात आपलं फ्रेमवर्क वापरणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं. ती वृद्धाश्रमासाठी ॲप करते आहे. म्हणाली, 'तेच बटण पुन्हा दाबलं की पहिलं दाबणं रद्द होतं, हे आम्हाला बदलायचं आहे. आणि थोडा वेळ उत्तर आलं नाही तर नको धरलं जातं, तेही. कुठून बदलायचं?' मी कळवलं की कुठूनही नाही. चुकून लागलेला हात मागे घेता यावा म्हणून पहिला नियम. आणि कुणी काहीच म्हणालं नाही, तर यंत्राने काही करू नये, काही न केल्याने कुणाचं नुकसान होत नाही, म्हणून दुसरा. दोन्ही नियम मी विचार करून केले आहेत, ते माझ्याकडेच राहू देत.

तुझं ते बाबांच्या गाडीचं उदाहरण मला तेव्हा आठवलं. 'ताई, बाबांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला तो दिसत नाही, त्याला त्याचा त्रासही नाही. पण वेळ आली तर तो तिथे आहे. तसं एक दार मागे ठेव. ज्याला लागणार नाही त्याला ते दिसूही नये.' बोलायला छान आहे रे. पण एक दार ठेवलं की दुसरं कुणीतरी मागतं, मग तिसरं. शेवटी भिंत शिल्लक राहत नाही. तुझ्या आवृत्तीचं काय झालं ते तू पाहतोसच. दारंच दारं, आणि आत कुणी येत नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण खोडलं तर कागद फार घाण दिसेल.

ताई

२३ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं उत्तर आलं. 'कळलं. इकडे दोन वर्षांचं काम धरतो आहे. आता मध्ये सुटी मिळायची नाही.' एवढंच. बाबांना नमस्कार नाही, आत्याला नाही, माझा तर प्रश्नच नाही.

ते मी बाबांना वाचून दाखवलं. कामाचं वाक्य ऐकताना ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. मी म्हटलं, "मोठं काम आहे बाबा, चांगलं आहे." आणि सवयीने विचारलं, "बरं वाटलं ना?" त्यांनी हात उचललाच नाही. थोड्या वेळाने यंत्र आपलं आपण म्हणालं, "नको." काय नको, कुणाला ठाऊक. मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

त्या दिवसापासून बाबा त्या यंत्राला शिवत नाहीत. स्क्रीन पुढे सरकवली की डोळे मिटतात. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, असं होतं, कंटाळतात, धीर धरा. मी धीर धरते आहे आणि आत्या माझ्यावर नजर ठेवते आहे.

आज एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती आत कुठेतरी टोचते आहे. पहिल्यांदा 'नको' आलं तेव्हा मला वाईट वाटलं असं मी लिहिलं होतं. वाटलं, पण ते नंतर. आधी सुटल्यासारखं वाटलं. तू आला असतास तर बाबांच्या खुर्चीशी बसून माझं ॲप उघडलं असतंस, आत डोकावला असतास, आणि भिवई वर केली असतीस. नुसती भिवई. ती मला नको होती. तिकडे बाबा आजारी, आणि इकडे मला तुझ्या भिवईची भीती! असली बहीण मिळायला नशीब लागतं.

काम नीट कर. सुटी मिळणार नाही म्हणतोस, तर मी काय बोलू.

ताई

९ मार्च

प्रिय भुंग्या,

आज खोडणार नाही.

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फेकलंस तर तुझा हक्क आहे, तरी वाच.

काल बाबांना तपासणीला न्यायचं होतं. गाडीचं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात यायचं होतं, म्हणून म्हटलं, शेवटचं त्याच गाडीतून नेऊ. फिजिओथेरपिस्टने आणि मी मिळून त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, त्यांच्या नेहमीच्या. पट्टा लावला. डावा पाय त्यांनी सरकवत सरकवत त्या दुसऱ्या ब्रेकजवळ नेला, दाबण्याएवढी ताकद नाही तरी. आजारी पडल्यापासून इतके ऐसपैस बसलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

येताना मोठ्या चौकात सिग्नलला थांबलो. हिरवा लागला. माझं लक्ष नव्हतं, गिऱ्हाईकाला कागदपत्रं काय काय द्यायची याचा विचार चालला होता. आणि बाबांनी हात उचलून समोर डॅशबोर्डवर टकटक केलं. दोनदा.

तुला सांगायला नको. आपण दोघंही त्या टकटकीवरच गाडी शिकलो. एकदा टक म्हणजे हळू, बघ जरा. दोनदा म्हणजे हो, निघ, मी आहे. गावभरच्या शिकाऊंना ते तोंडाने कधी 'निघा' म्हणाले नसतील. म्हणायचे, शिकणाऱ्याच्या कानात आधीच इतकं भरलेलं असतं, त्यात माझी आणखी भर कशाला. तू पहिल्यांदा चढावर गाडी थांबवून रडकुंडीला आला होतास, तेव्हाही तेच. टकटक.

मी निघाले नाही. मागून हॉर्न सुरू झाले. माझे हात स्टिअरिंगवर, आणि डोक्यात तो एकच आवाज. दोनदा. बाबा मनापासून हो म्हणतात तेव्हा दोनदा.

पाण्याला एकदा दाबलं तरी भागतं. उशीला भागतं. पण तू यायचं म्हणालास तेव्हा त्यांनी दोनदा दाबलं, भुंग्या. 'हो, निघ.' पहिल्या दाबण्याला माझ्या फ्रेमवर्कने हो धरलं आणि दुसऱ्याला ते रद्द केलं. मग थोडं थांबलं, उत्तर नाही म्हणून 'नको' धरलं, आणि बोललं. माझ्या आवाजात बोललं. तुला बोलावतानाही तसंच, आत्यासमोरही तसंच, गाडीच्या वेळीही तसंच. जे जे त्यांना खरंच हवं होतं, ते ते यंत्राने नाकारलं. ती टेबलावरची थाप तुझ्यावर नव्हती. ती माझ्यावर होती.

आणि मी बघत नव्हते रे. त्यांचा हात दोनदा खाली गेलेला मी शेजारी बसून पाहिला नाही. यंत्र बोलायला लागलं तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडे बघणंच सोडलं होतं. माझे कान स्पीकरकडे आणि डोळे दुसरीकडेच.

मागच्या टेम्पोवाल्याने उतरून काच वाजवली. "बाई, झोपलात का?" मी म्हटलं, "हो." तो बिचारा टेम्पोकडे परत गेला. मग मी निघाले.

घरी आल्यावर आधी गिऱ्हाईकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग कॉम्प्युटरपुढे बसले. दुसऱ्या दाबण्याने पहिलं रद्द होऊ द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. आणि ते मला करता येईना. माझ्याच फ्रेमवर्कमध्ये, माझ्याच घरात! तो नियम मी इतक्या आत, इतका पक्का बसवून ठेवला आहे की तो हलवायचा तर अर्धा सांगाडा उकलावा लागेल. त्या वृद्धाश्रमाच्या मुलीला मी 'कुठूनही नाही' लिहिलं होतं, ते अगदी खरं होतं.

मग तुझी आवृत्ती उतरवून घेतली. होय, मी. हस आता.

तुझ्याकडे ते होतं. बटण कितीदा दाबलं तर काय समजायचं, किती वेळ थांबायचं, थांबूनही उत्तर आलं नाही तर काय करायचं, सगळं. पण भुंग्या, ते शोधता शोधता माझे डोळे फुटायची वेळ आली. काय नावं ठेवतोस रे एकेका गोष्टीला! आणि साधी खिडकी उघडायलाच मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला, कारण तू स्वतःहून काही म्हणजे काही ठरवत नाहीस. मी सगळं ठरवून कुलूप लावलं, तू काहीच न ठरवता सगळं उघडं टाकलंस. त्या मुलीला यातलं काहीच नको होतं. तिला माझी एक ओळ हवी होती आणि त्या ओळीच्या मागे तुझं दार. आपण एका खोलीत बसून काम करत होतो तेव्हा ते असंच होणार होतं. मधली भिंत पाडायची सोडून आपण दोघांनी एकेक अर्धं घर उचलून नेलं. यात चूक कुणाची जास्त हे आज मी मोजत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत बाबांचं ॲप तुझ्या आवृत्तीवर उभं करायला जमलं. दोनदा दाबलं तरी हो ते हो. बाबांपुढे स्क्रीन ठेवली. त्यांनी डोळे मिटले. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्याशी, आणि सगळं सांगितलं. डॅशबोर्डचं, टकटकीचं, माझ्या नियमाचं. म्हटलं, "बाबा, तुम्ही हो म्हणत होतात. मी त्याला नको कळवलं." त्यांनी डोळे उघडले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पुसायला त्यांचा हात तिथवर गेला नाही. मी पुसलं.

मग विचारलं, "आता खरं विचारते. भुंग्याला बोलावू?"

या वेळी मी स्पीकरकडे नाही, हाताकडे बघत होते. हात 'हो'वर गेला. तिथे थांबला, पण टेकला नाही. मग हळूच बाजूला सरकला आणि 'नको'वर टेकला. एकदाच. नीट, सावकाश, कुठलीही शंका राहू नये असा.

यंत्र म्हणालं, "नको." मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. मी उठून तपासायला लागले, तर आत्या म्हणाली, "बस खाली. काही बिघडलेलं नाही. दोन वर्षांचं काम लागलंय, सुटी नाही मिळायची, हे तूच वाचून दाखवलंस ना त्यांना? बाप आहे तो. पोराला कामावरून उठवून बोलावेल होय?"

मी बाबांना विचारलं, "म्हणून नको म्हणताय?"

त्यांनी 'हो'वर हात आपटला. दोनदा.

तर असं आहे. बाबांचं आताचं उत्तर 'नको' आहे आणि ते त्यांचं स्वतःचं आहे, म्हणून मी ते तुला जसंच्या तसं कळवते. त्याआधी ते दोन वेळा मनापासून 'हो' म्हणाले होते, तेही आज कळवते. त्या वेळी ते तुझ्यापर्यंत पोचलं असतं तर तू ते काम धरलंच नसतंस, आणि आज त्यांना 'नको' म्हणायची पाळी आली नसती. हे माझ्याकडून भरून निघणारं नाही. सॉरी म्हणायला गेले तर तो शब्द इतका लहान वाटतो की लाज वाटते.

डॉक्टर काल तपासून म्हणाले, आणखी एक झटका आला तर सांगता येत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. हे लपवलं असतं तर तुझ्या वतीने पुन्हा मीच ठरवल्यासारखं झालं असतं, म्हणून लिहिते.

माझं म्हणशील तर, ये. कामावर बोलून बघ, भांड, काही कर, पण ये. माझं ॲप उघड, भिवई वर कर. दोन्ही भिवया कर.

हे पत्र मी आत्ता बाबांना सगळं वाचून दाखवलं, तुला शिव्या दिलेले भागसुद्धा. शेवटी विचारलं, "पाठवू?" त्यांनी काहीच दाबलं नाही. हात दोन्ही बटणांच्या मध्ये ठेवून बसले आहेत. यंत्र गप्प आहे. तुझ्या आवृत्तीत शोधून शोधून मी तो नियम बंद केला आहे. उत्तर आलं नाही तर आता ते नुसतं थांबतं.

मी पाकीट चिकटवते आहे. तुझं उत्तर येईल की नाही, मला माहीत नाही. पण नाही आलं, तरी मी 'नको' धरणार नाही.

तुझी ताई